त्रेपन्नची म्हणून घेतलेली मॅचलेस

पहिल्या प्रश्नाला एकही उपयोगाचं उत्तर आलं नाही. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींच्या एका ऑनलाइन गटात मी लिहिलं होतं, "१९५३ ची मॅचलेस जी३एलएस घेतली आहे. रिस्टोअर करायची आहे. सुटे भाग कुठे मिळतील?" सोबत एकच फोटो, गॅरेजच्या दारातून काढलेला, अर्धा अंधारात. कुणी लिहिलं, "छान गाडी." कुणी विचारलं, "कोणते भाग?" मला वाटलं, ही माणसं नवख्याला जवळ करत नाहीत. आज तोच प्रश्न दुसऱ्या कुणी टाकला तर मलाही पुढे सरकावं लागतं, कारण त्याचं उत्तर देताच येत नाही.

ही गाडी रस्त्यावर यायला सतरा महिने लागले. त्यातले पहिले चार महिने मी नसलेल्या गाडीचे भाग शोधत होतो. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत शिकण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

गाडी आणि चार खोकी

मी इंग्लंडमध्ये राहतो. गाडी केंटमधल्या एका घरातून घेतली. घरातले काका वारले होते आणि पुतण्याला गॅरेज रिकामं करायचं होतं. फ्रेम, तिच्यात बसवलेलं इंजिन, दोन चाकं, टाकी आणि चार खोकी भरून नट-बोल्ट, केबली, कव्हरं, कॉफीच्या डब्यांत ठेवलेली बेअरिंगं. सगळ्याचे मिळून १,३५० पौंड. पुतण्याने इंजिनावर ठोकलेला नंबर बोट ठेवून दाखवला. सुरुवातीला ५३, मग तिरकी रेघ, मग जी३एलएस आणि पुढे आकडे. "त्रेपन्नची आहे," तो म्हणाला. त्याने फसवलं नाही. त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं, आणि मलाही तेच दिसलं.

जी३एलएस म्हणजे ३४७ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, ६९ मिमी बोअर आणि ९३ मिमी स्ट्रोक. नावातला 'एल' युद्धकाळातला आहे. १९४१ मध्ये सैन्यासाठी जी३ हलकी केली आणि तिला पुढे टेलिड्रॉलिक फोर्क, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या, तेल भरलेल्या नळ्यांचं सस्पेन्शन दिलं, तेव्हा तो लागला. 'एस' १९४९ मध्ये आला, मागच्या चाकाला स्प्रिंगचं सस्पेन्शन मिळालं तेव्हा. कारखाना लंडनच्या वुलिचमध्ये, प्लमस्टेड रोडवर. चालवणारं कुटुंब कॉलिअर. त्यातल्या चार्ली कॉलिअरने १९०७ ची पहिली आयल ऑफ मॅन टीटी शर्यत, एक सिलिंडरच्या वर्गात, मॅचलेसवरच जिंकली. १९३१ मध्ये याच कुटुंबाने वुल्व्हरहॅम्प्टनची एजेएस विकत घेतली. १९६६ मध्ये कंपनी बुडाली.

एजेएसचं नाव इथे नुसतं इतिहास म्हणून घेतलेलं नाही. युद्धानंतर दोन्ही नावांच्या गाड्या एकाच छताखाली बनत होत्या, आणि एजेएस १६एमएस ही गाडी म्हणजे टाकीवरचं नाव बदललेली जी३एलएस. १९५२ च्या आधी मॅचलेसचा मॅग्नेटो, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वीज बनवणारा भाग, सिलिंडरच्या मागे असे आणि एजेएसचा पुढे. १९५२ पासून दोन्हींचा पुढे. त्यानंतरच्या गाडीचा भाग 'मॅचलेस' म्हणून सापडला नाही तर 'एजेएस' म्हणून शोधायचा. हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

तीन चुका, २१७ पौंड

चाकांपासून सुरुवात केली. पुढच्या चाकाचे आरे गंजून सुईसारखे बारीक झाले होते. १९५३ च्या जी३एलएसच्या पुढच्या चाकाचा संच मागवला, ६२ पौंडांना. आला, उत्तम होता, पण लांबी जुळेना. मग सुट्या भागांच्या एका जत्रेत १९५३ ची म्हणून पुढची ब्रेक प्लेट घेतली, ७० पौंडांना. ती ड्रमवर बसेना. विकणारे दोघेही सचोटीचे होते. त्यांनी १९५३ चा भाग मागितला तर १९५३ चाच दिला.

तिसरी चूक वेगळ्या जातीची. दुसऱ्या एका गटात मी "मागचे शॉक ॲब्सॉर्बर हवेत" असं लिहिलं. तासाभरात खासगी निरोप आला: "माझ्याकडे आहेत, जोडी, चांगल्या स्थितीत." फोटो आला. ८५ पौंड बँकेत भरले. त्यानंतर तो माणूसही नाही आणि भागही नाही. पुढे कळलं की "हवे आहे" असं लिहिणाऱ्याला सगळ्यांत आधी असेच निरोप येतात, आणि तो फोटो दुसऱ्याच कुणाच्या जुन्या जाहिरातीतून उचललेला होता. तेव्हापासून माझा एक नियम आहे. पैसे देण्याआधी विचारायचं, त्या भागाशेजारी आजची तारीख हाताने लिहिलेला कागद ठेवून फोटो पाठवाल का, आणि त्यावर ठोकलेला नंबर जवळून दाखवाल का? ज्याच्याकडे भाग आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. ज्याच्याकडे नाही तो रागावतो किंवा गप्प होतो. दोनदा या एका प्रश्नाने माझे पैसे वाचले.

एक हब रुंद, एक अरुंद

ब्रेक प्लेट बसली नाही त्या रात्री मी पहिल्यांदा हातात व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचं साधन, घेऊन गाडीसमोर बसलो. तोवर मी पडद्यासमोर बसत होतो.

दुसरा प्रश्न लिहायला दोन तास लागले. पुढच्या आणि मागच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, फोटो दिवसाउजेडी, दोन्ही बाजूंनी, शेजारी इंचाची पट्टी ठेवून काढले. इंजिनाचा नंबर आणि सीटखालच्या लगवर ठोकलेला फ्रेमचा नंबर खडूने उठावदार केला आणि दोन्हींचे फोटो घेतले, शेवटचे आकडे झाकून. मागच्या शॉकचा, गिअरबॉक्सच्या कव्हरचा, कार्ब्युरेटरचा एकेक फोटो. आणि शेवटी एकच प्रश्न: "१९५३ चे आरे आणि ब्रेक प्लेट पुढच्या चाकाला बसत नाहीत. हे चाक कोणत्या गाडीचं?"

वीस मिनिटांत एका निवृत्त टूलमेकरचं उत्तर आलं. ते मी जसंच्या तसं ठेवलं आहे, इथे मराठीत देतो: "चाक बरोबर आहे. तुमचं वर्ष चुकलं आहे. पुढचा हब पूर्ण रुंदीचा, मागचा नाही, ही १९५४ ची खूण. इंजिन नंतर टाकलेलं दिसतंय. फ्रेमच्या नंबरावरून तपासा."

यामागची गोष्ट अशी. १९५३ पर्यंत या गाड्यांच्या पुढच्या चाकात एका बाजूला ब्रेकचा ड्रम आणि उरलेला हब बारीक असे. १९५४ च्या मॉडेलला पुढे पूर्ण रुंदीचा हब आला. मागच्या चाकाला तसा हब मिळाला १९५५ मध्ये, ॲमलच्या नव्या मोनोब्लॉक कार्ब्युरेटरबरोबर. म्हणजे पुढे रुंद आणि मागे अरुंद अशी जोडी एकाच हंगामात निघाली. मी चार महिने ज्या चाकाला परकं समजत होतो ते गाडीचं स्वतःचं होतं. परकं होतं ते इंजिन, आणि मी सगळी गाडी त्या इंजिनावरून ओळखत होतो.

मागच्या शॉकचंही असंच वाचन आहे. १९४९-५० चे शॉक सडपातळ, त्यांना मेणबत्तीच्या स्टँडचं नाव पडलं. १९५१ ते १९५६ चे जाडजूड, मुरंब्याच्या बरणीसारखे, म्हणून 'जॅमपॉट'. १९५७ पासून गर्लिंगचे. माझ्या खोक्यातला एक शॉक जॅमपॉट होता आणि दुसरा बेपत्ता. एजेएस आणि मॅचलेसवाल्यांना या बरणीचं इतकं प्रेम आहे की त्यांच्या क्लबच्या मासिकाचं नावच 'जॅमपॉट' आहे.

फिकट पिवळं पुस्तक

त्याच टूलमेकरने पुढे लिहिलं, "घरच्यांना जुनं लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, विचारा. मिळालं नाही म्हणाले तर पुन्हा विचारा. ही माणसं गाडी विकतील, मोडतील, पण लॉगबुक फेकत नाहीत."

मी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, कागद काही नव्हते. आठवड्याने त्याचाच फोन आला. काकांच्या टेबलाच्या खणात, विम्याच्या कागदांखाली, फिकट पिवळं जाड पुस्तक सापडलं होतं. आतल्या पानांवर रोड टॅक्सचे शिक्के, शेवटचा १९६७ चा. पहिली नोंदणी मार्च १९५४. फ्रेमचा नंबर माझ्या फ्रेमशी तंतोतंत जुळला. इंजिनाचा नंबर मात्र वेगळा, ५४ ने सुरू होणारा.

ब्रिटनमध्ये या पुस्तकाची किंमत एखाद्या इंजिनाएवढी आहे. गाड्यांच्या नोंदी स्वान्झीच्या डीव्हीएलए या सरकारी वाहननोंदणी खात्याच्या संगणकावर चढवल्या गेल्या तेव्हा, १९८३ पर्यंत ज्यांच्या मालकांनी गाडी नोंदवली नाही त्यांचा नंबर यादीतून गळाला. तो परत मिळवायचा रस्ता म्हणजे व्ही७६५ हा अर्ज. त्याला गाडी आणि तो नंबर यांचा संबंध दाखवणारा त्या काळचा कागद लागतो, आणि डीव्हीएलएने मान्य केलेल्या क्लबची सही लागते. कागद नसेल तर क्लबच्या दाखल्यावरून गाडीच्या वयाला शोभेल असा दुसरा नंबर मिळतो, पण तिचा स्वतःचा जातो. लॉगबुक हरवलेल्यांना आणखी एक वाट आहे. जुन्या परगण्यांची नोंदणीची रजिस्टरं काही ठिकाणी अभिलेखागारांत जपलेली आहेत, आणि ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टकडेही बरीच आहेत.

इथे मी एजेएस अँड मॅचलेस ओनर्स क्लबचा सभासद झालो. खरं तर गाडी घरी आणण्याआधीच व्हायला हवं होतं. १९५२ चा हा क्लब. कारखान्याच्या रवानगीच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत: कोणती फ्रेम, कोणतं इंजिन, कधी निघालं, कोणत्या विक्रेत्याकडे गेलं. माझी फ्रेम फेब्रुवारी १९५४ मध्ये कारखान्यातून निघाली, लॉगबुकात होतं त्याच इंजिनासह. माझ्या हातातलं इंजिन आदल्या हंगामात दुसऱ्याच फ्रेममध्ये बसून दुसऱ्याच गावी गेलं होतं.

क्लबच्या माणसाने गाडी पाहिली, फ्रेमच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घेतला, फोटो घेतले, अर्जावर सही केली. जुना नंबर परत आला. असा परत मिळालेला नंबर दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही, आणि ही अट मला फार योग्य वाटते. नाही तर निम्म्या जुन्या गाड्या केवळ नंबरासाठी विकत घेतल्या गेल्या असत्या आणि लोखंड कोपऱ्यात पडलं असतं. बदललेलं इंजिन मी अर्जात जसं आहे तसं लिहिलं. मूळ इंजिनाचा नंबर पुन्हा ठोकण्याचा सल्लाही एकाने दिला होता. तो मी ऐकला नाही, आणि कुणीही ऐकू नये. तो खोटेपणा आहे, आणि पुढच्या मालकाला तो माझ्यासारखाच चार महिने चुकीचे भाग शोधायला लावील.

भाग कुठे सापडले

वर्ष कळल्यावर शोध सोपा झाला असं नाही, पण सरळ झाला. कारखाना जवळजवळ प्रत्येक हंगामासाठी वेगळी सुट्या भागांची यादी छापत असे. चेसिस, चाकं आणि फोर्क यांच्यासाठी १९५४ ची यादी आणि इंजिनासाठी १९५३ ची, अशा दोन याद्या शेजारी ठेवल्या आणि प्रत्येक भागापुढे त्याचा नंबर लिहिला. तेव्हापासून मी कुणालाही "शॉकचा वायसर" मागितला नाही, नंबर मागितला.

दुसरी गोष्ट हळूहळू उमगली. ब्रिटिश मोटरसायकल ही एका कारखान्याची वस्तू कधीच नव्हती. गिअरबॉक्स बर्मनचा, मॅग्नेटो आणि दिवे ल्युकासचे, कार्ब्युरेटर ॲमलचा, स्पीडोमीटर स्मिथ्सचा, चेन रेनॉल्डची. म्हणून माझ्या गाडीचे निम्मे भाग जाणणारी माणसं मॅचलेसवाली नसतातच. बर्मनचे गिअरबॉक्स एरिअल आणि पँथरवरही होते. तिथल्या लोकांना बर्मनच्या क्लचची खोड मॅचलेसवाल्यांइतकीच ठाऊक. शोधताना गाडीचं नाव बाजूला ठेवून भाग बनवणाऱ्याचं नाव टाकलं की दुसरंच दार उघडतं.

ॲमलचं उदाहरण तर फारच सुखाचं. नवे मोनोब्लॉक आजही बनतात, सॅलिसबरीच्या बर्लेनकडे, आणि जेट, फ्लोट, नीडल सगळं सुटं मिळतं. माझ्या १९५४ च्या गाडीला खरं तर त्याआधीचा, वेगळ्या फ्लोट चेंबरचा ॲमल हवा. आधीच्या मालकाने मोनोब्लॉक लावला होता. तो मी तसाच ठेवला. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. रोज चालवायच्या गाडीत भाग मिळण्याची खात्री मोठी, आणि जुना कार्ब्युरेटर डब्यात लेबल लावून ठेवला आहे, ज्याला हवा तो बदलेल. नवा फ्लोट मात्र घातलाच, इथेनॉलला टिकणारा. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालं, आणि टाकीच्या आत आधीच्या कुणी लावलेलं जुनं सीलंट अशा पेट्रोलने सुटून चिकट पापुद्रे होतं. माझ्या टाकीत ते होतं. काढायला तीन शनिवार गेले. आता महागडं ई५ टाकतो.

जॅमपॉटचा दुसरा शॉक जत्रेत मिळाला. इथे सुट्या भागांच्या जत्रेला ऑटोजंबल म्हणतात. हा शब्द आणि ही जत्रा ब्यूलीला १९६७ मध्ये सुरू झाली. मोटरसायकलवाल्यांसाठी स्टॅफर्डचे एप्रिल आणि ऑक्टोबरचे मेळावे जास्त कामाचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा रिकाम्या हाताने गेलो आणि भलतंच घेऊन आलो, ती ब्रेक प्लेट. दुसऱ्यांदा खिशात यादी, व्हर्निअर आणि माझ्या शॉकची पिन घेऊन गेलो. एका ताडपत्रीवर, गंजलेल्या मडगार्डांच्या खाली, एजेएसची चिठ्ठी लावलेला जॅमपॉट पडला होता. पिन त्यात घालून पाहिली. अलगद बसली. २५ पौंड. त्याची सीलं क्लबच्या स्पेअर्स विभागातून घेतली. केटरिंगहून पोस्टाने तीन दिवसांत आली.

हे क्लब नुसते गप्पांचे नाहीत, हे मला मनापासून सांगायचं आहे. कारखाने बुडाले तेव्हा साचे, ड्रॉइंग, भाग यांची जबाबदारी अनेकदा मालकांनीच अंगावर घेतली. स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंटने १९५५ मध्ये मोटरसायकल बनवणं थांबवलं, तर मालकांनी स्वतःची स्पेअर्स कंपनी काढली. कोणत्याही कंपनीची गाडी असो, आणि क्लब सापडत नसेल तर १९४६ पासून चालत आलेला व्हिंटेज मोटर सायकल क्लब आहे, त्यांचं ग्रंथालय आहे. वर्गणी भरायची म्हणून लोक कुरकुरतात. माझी वर्गणी त्या ६२ पौंडांच्या आऱ्यांपेक्षा कमी होती.

नव्याने बनवलेल्या भागांबद्दल एक सावधगिरी. स्वस्त नवा भाग आणि मूळचा न वापरलेला जुना भाग यांत जुना नेहमी चांगला, असं म्हणतात. लोखंडाच्या बाबतीत बहुधा खरं. रबराच्या बाबतीत नाही. साठ वर्षं कागदात गुंडाळून ठेवलेलं सील कागदातच कडक होतं.

आटे

क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाच्या, ॲल्युमिनियममधल्या एका भोकात बोल्ट अर्धवट जाऊन घट्ट अडकलेला होता. बाहेर काढला तर सोबत चांदीच्या तारेसारखी ॲल्युमिनियमची बारीक वेटोळी आली. आटे गेले होते. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा, म्हणजे मेट्रिक, आठ मिमीचा.

भोक होतं पाच-सोळांश इंच व्हिटवर्थचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचं. पाच-सोळांश म्हणजे ७.९४ मिमी, म्हणून आठचा बोल्ट तोंडाशी अगदी आपला वाटतो. पण व्हिटवर्थच्या एका इंचात १८ आटे आणि आठ मिमीच्या साध्या बोल्टला साधारण २०.३. आट्याचा कोनही वेगळा, ५५ अंश आणि ६० अंश. पहिले दोन-तीन वेढे प्रेमाने जातात. मग अडतं. आणि मग माणूस पान्यावर जोर लावतो.

या एकाच गाडीत आट्यांची चार कुळं नांदतात. ॲल्युमिनियममध्ये जाडे व्हिटवर्थ, काही ठिकाणी बारीक बीएसएफ, फ्रेम आणि चाकांपाशी इंचाला २६ चे सायकलचे आटे, आणि विजेच्या भागांत इवलाले बीए. पान्यांचंही तसंच. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा हा बोल्टच्या दांड्याचा, डोक्याचा नव्हे. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड १३.३ मिमी आहे. १३ चा पाना जात नाही, १४ चा घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. माझ्या गाडीतले निम्मे नट कुणीतरी १४ च्या पान्याने गोल केलेले होते. म्हणून माझा सल्ला: पहिले ५० पौंड कोणत्याही भागावर घालू नका. जुन्या व्हिटवर्थ पान्यांचा संच आणि आटे मोजायचा गेज घ्या.

ते भोक मोठं करून त्यात तारेची वेटोळी बसवून पुन्हा पाच-सोळांशचं केलं. टॅप मारताना हात थरथरत होता. क्रँककेस दुसरा मिळणार नव्हता.

इंजिनाचं बाकीचं काम सरळ होतं. बोअर झिजला होता, वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, वाढवून नवा पिस्टन घातला. तेलाच्या पंपाबद्दल मात्र गटातल्या एकाने वेळेवर बजावलं. या इंजिनात पंपाचा दांडा फिरताफिरता पुढेमागे सरकतो, आणि एक छोटी पिन त्याच्या खाचेत राहून त्याला चालवते. ती पिन नीट खाचेत बसल्याशिवाय इंजिन एक वेढाही फिरवायचं नाही. मी त्याच संध्याकाळी किक मारून पाहणार होतो.

गरम झाल्यावर

गाडी पहिल्यांदा सुरू झाली ती तिसऱ्या किकला. वीस मिनिटं चालली आणि मेली. थंड झाली की पुन्हा पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू, पुन्हा वीस मिनिटांनी बंद. मी प्लग बदलला, दुसरा बदलला, जेट साफ केले, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तपासलं.

गटात या वेळी कसं लिहायचं हे मला कळत होतं. थंड असताना कसं, गरम असताना कसं, किती मिनिटांनी, काय काय बदलून झालं, मॅग्नेटोवरचा नंबर काय. उत्तर आलं, "कार्ब्युरेटरला हात लावू नका. गरम असताना अंधारात नेऊन मॅग्नेटोच्या पॉइंटचं (वीज तोडणाऱ्या संपर्काचं) झाकण काढा आणि कुणाला तरी किक मारायला सांगा."

रात्री दहाला बायकोने किक मारली आणि मी वाकून पाहिलं. पॉइंटच्या मधोमध जाड निळी ठिणगी. जी ठिणगी प्लगला मिळायला हवी तिची ताकद इथेच जळत होती. हे कंडेन्सर गेल्याचं लक्षण. १९५३ च्या इंजिनावरचा मॅग्नेटो फिरत्या आर्मेचरचा, म्हणजे तारेची गुंडाळीच फिरणारा, आणि त्याचा कंडेन्सर आर्मेचरच्या पोटात असतो. बाहेरून बदलता येत नाही. जुन्या गुंडाळीवरचं शेलॅकही उष्णतेने मऊ होऊन चिकटतं. मॅग्नेटो खोलून नवी गुंडाळी आणि नवा कंडेन्सर घालणाऱ्या एका कारागिराकडे दिला. २८० पौंड आणि सात आठवडे थांबणं. रक्कम मोठी होती आणि मला तिचं जराही वाईट वाटलं नाही. गाडीतला हा एक भाग स्वस्तात करू नये.

चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपात मोठा बदल न झालेल्या गाडीला इथे मे २०१८ पासून एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का याची तपासणी, सक्तीची नाही, आणि रोड टॅक्सही शून्य, फक्त तो दरवर्षी भरल्यासारखा घ्यावा लागतो. तरी मी एमओटी करून घेतली. चार खोक्यांतून मी स्वतः जोडलेल्या ब्रेकवर दुसऱ्या कुणाची नजर फिरायला हवी होती. मागच्या ब्रेकची दांडी घट्ट निघाली, तिथेच सैल करून घेतली. त्यानंतर चाळीस मैल चालवली, पेट्रोल पंपावर बंद केली आणि गरम इंजिनाला एकच किक मारली. सुरू झाली.

आरे

१९५३ च्या पुढच्या चाकाच्या आऱ्यांचा तो संच दीड वर्षं गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला होता. गेल्या महिन्यात एकाने गटात फोटो टाकला: एजेएस १६एमएस, पुढचा हब अरुंद, शेजारी इंचाची पट्टी, फ्रेमचा नंबर खडूने उठवलेला. प्रश्न एकच: "याला कोणते आरे?" मी माझ्या संचावरचा नंबर आणि आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून फोटो पाठवला. पैशांऐवजी त्याच्याकडे जॅमपॉटच्या दोन जास्तीच्या पिना होत्या. त्या परवा पोस्टाने आल्या, ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याने लिहिलं आहे, आऱ्यांची लांबी बरोबर बसली.